सर्व्हेच्या दिवशी हजर

कोसाड आवास, सुरत
दि. २६ ऑक्टोबर २०२५, रविवार

चि. प्रदीप यास,

बाबांचा जय भीम आणि आशीर्वाद.

पाकीट बघून हसशील. आता पत्र कोण लिहितं? पण तू माझा फोन उचलत नाहीस, मेसेज निळे होतात आणि तसेच पडून राहतात, मग बापानं काय करावं? काल पोस्टात चौकशी करून आलो. खिडकीवरच्या ताईनं विचारलं, हा मॅसेडोनिया कुठं आला काका? म्हणलं, पुढंमागं युरोपच्या युनियनमध्ये येणार आहे. ती म्हणाली, तीन आठवडे लागतील. पत्राला म्हणाली, देशाला नाही.

इकडं सगळं ठीक आहे. लूम्सची खाती दिवाळीची बंद आहेत, मलाही पाळी नाही, आवास अर्धं रिकामं झालंय. मशीनची खटखट थांबली की मला करमत नाही, ते तुला माहीतच आहे. विशाखाचं तिकडं पर्वत पाटिया भागात बरं चाललंय, दिवाळीपर्यंत साड्यांना टिकल्या चिकटवून चिकटवून तिची बोटं सोलली. तुझी आई सध्या लेकीकडंच आहे. आईच्या फोनचा माइक गेलाय, म्हणून गेले दोन रविवार तिनं तुझा फोन घेतला नाही. मनाला लावून घेऊ नको. फोनवर तिचं फुलाचं चित्र तर येतंय ना? मग झालं.

आता मुद्द्याचं. जूनमध्ये तू म्हणालास, बाबा, मी परत येतो. दिवसभर उभं राहून पँटींना खिसे शिवायचे, थंडीत बोटं वळत नाहीत, आणि या श्टिप गावातल्या लोकांनाच भरवसा नाही, इथलीच पोरं शेजारच्या देशाचा पासपोर्ट काढून पळतायत. त्यावर मी तुला म्हणलो, शालिग्राम होऊ नकोस. आणखीही बोललो. ते पुन्हा लिहीत नाही. तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस, फक्त आईला रविवारी फोन करतोस. बापाशी अबोला धरायला माझी हरकत नाही. जागा सोडायला आहे.

शालिग्रामची गोष्ट शंभरदा ऐकलीस, एकशे एकाव्यांदा ऐक. तापीकाठी आपली झोपडी होती, तिच्या शेजारी त्याची. महापालिकेचा सर्व्हे होणार होता. आज होईल, उद्या होईल, कोणी सांगेना. नियम एकच. सर्व्हेच्या दिवशी जो झोपडीत हजर, त्याचं नाव यादीत. दाराला कुलूप दिसलं की नाव गेलं. शालिग्राम भावाच्या लग्नाला चार दिवस खानदेशात गेला. आज वीस वर्षं तो भाड्याच्या खोल्या बदलतोय. आपण हललो नाही. तू आठ वर्षांचा होतास. चौथ्या दिवशी वही घेऊन माणसं आली आणि दाराच्या फळीवर लाल रंगानं ४१७ लिहून गेली. त्या आकड्यावर हे घर मिळालं. फळी अजून स्वयंपाकघरात भिंतीला आहे, तुझ्या आईचे डबे तिच्यावर असतात.

तुझं तिथलं तसंच आहे. तुला तिकडं पाठवणारा मगन एजंट काय म्हणाला होता आठव. 'देश वेटिंगमां छे, काका. कन्फर्म थयो एटले अंदरना बधा कन्फर्म.' देश आत गेला की आतली माणसंही आत, म्हणून. हे कोसाड तरी काय होतं? गाव होतं. महापालिकेत आलं, मग रस्ता आला, नळ आला, घरं आली. देशाची हद्दवाढ अशीच होत असणार. तो देश युनियनमध्ये गेला की कोणीतरी वही घेऊन येणारच, विचारणारच की इथं कोण कोण आहे आणि किती वर्षांपासून. त्या दिवशी तू हजर पाहिजेस. सलग पाच वर्षं पुरी कर. तीन तर झाली.

मला त्या देशाची कीवही येते आणि कौतुकही वाटतं. वीस वर्षं उमेदवार म्हणून दारात उभा आहे. एका शेजाऱ्याला त्यांचं नाव पसंत नव्हतं, तर यांनी नाव बदललं. स्वतःच्या देशाचं नाव, प्रदीप. आपल्याला एका विद्यापीठाला नाव मिळावं म्हणून सोळा वर्षं लागली. त्यात आपलं जिंतूरकडचं घर जळालं, तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. नावासाठी माणूस काय सोसतो ते मला कोणी सांगायला नको. यांनी नाव टाकलं, तरी दार उघडलं नाही. आता दुसरा शेजारी म्हणतो, आधी तुमच्या संविधानात आमच्या माणसांचं नाव घाला. तिथं सगळ्यांच्या सह्या लागतात म्हणे. आपल्या बिल्डिंगमध्ये एकानं सही अडवली तर वर्षभर मोटर बसली नाही, तसंच ते. पण दर नोव्हेंबरात युनियनकडून त्यांचा निकाल लागतो. यंदाचा आठ-दहा दिवसांवर आलाय. घोडामैदान जवळ आहे. एवढं थांबलास, थोडं थांब.

आई जेवते. कमी जेवते, पण जेवते. काळजी करू नकोस. तिनं जपून राहायला सांगितलंय.

कुठंही जाऊ नकोस.

तुझा बाबा,
सोमा


कोसाड आवास, सुरत
दि. २६ नोव्हेंबर २०२५, बुधवार

चि. प्रदीप यास,

जय भीम.

मागचं पत्र तुला मिळालं असेल. नसेल मिळालं तर बरंच झालं.

आज संविधान दिन. खाली चौकात पोरांनी उद्देशिका वाचली, मी मागं उभा राहून ऐकली. एक पोरगी मराठीत वाचत होती, बाकीचे गुजरातीत पुढं निघून गेले, तरी ती थांबली नाही. लाडू वाटले. मी एक आणला, तो तसाच ठेवलाय.

निकाल लागला. नापास म्हणत नाहीत, पण जिथं होते तिथंच ठेवलंय. संविधानात शेजाऱ्याच्या माणसांचं ते नाव घातल्याशिवाय पुढं सरकायचं नाही. मागून आलेले दोन देश पुढं गेले. घटनेत नाव असणं म्हणजे काय हे मला चांगलं कळतं, म्हणून शेजारी मागतो त्यात मला चूक वाटत नाही. आणि हे लोक नाही म्हणतात, त्यातही वाटत नाही. एकदा नाव टाकलं, आता आणखी काय काय टाकायचं, असं त्यांना वाटत असेल.

पण खरी गोष्ट निकालाची नाही. अमरोलीला प्रवीणभाईचं फॉर्म भरायचं दुकान आहे ना, तिथं मी अकरा तारखेला गेलो. म्हणलं, भाई, जरा नीट वाचून सांग, हा देश आत गेला की माझ्या पोराचं काय होईल. त्यानं कॉम्प्युटरवर बराच वेळ वाचलं. चष्मा काढला. म्हणाला, 'काका, आ तो एमना नागरिको माटे छे. बहारना कारीगरने एमां आपोआप कंई मळतुं नथी.' हे त्यांच्या नागरिकांसाठी, बाहेरच्या कामगाराला आपोआप काही मिळत नाही, म्हणून. मी विचारलं, मग सर्व्हे? तो म्हणाला, 'कयो सर्व्हे?' मी त्याला सगळं समजावून सांगायला लागलो. झोपडी, वही, हजर माणूस, पाच वर्षं. शेवटी त्यानं मला चहा पाजला. चहा पाजला तेव्हा मला कळलं की सगळं संपलं.

तीन वर्षं मी त्या दुकानासमोरून रोज गेलोय. खात्यात जायचा रस्ताच तो. कधीही विचारता आलं असतं. विचारलं नाही, कारण तो नाही म्हणाला तर काय करायचं, हे मला माहीत नव्हतं. तुला शालिग्राम म्हणायचं तोंड मात्र होतं.

त्या दिवशीच का गेलो, ते सांगतो. त्या दिवशी मला घरी थांबवेना.

गॅस पेटवून चहा केला, प्यालो, भांडं घासलं, आता लिहितो. तुझी आई विशाखाकडं नव्हती. अकरा ऑक्टोबरपासून ती दवाखान्यात होती, प्रवीणभाईकडं गेलो त्या दिवशी त्याला महिना भरला. कावीळ अंगात मुरली होती, पोटात पाणी झालं होतं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केला. दोन नोव्हेंबरला, रविवारी, सकाळी साडेआठला ती गेली.

मी तुला कळवलं नाही. ही एक गोष्ट झाली. दुसरी त्याहून वाईट आहे. मी सगळ्यांना सांगितलं की तुला कळवलंय.

तुझा परवाना नूतनीकरणाला गेलेला होता. मध्येच निघाला असतास तर जागा गेली असती, तीन वर्षं पाण्यात गेली असती, असं माझ्या डोक्यात होतं. तू आला असतास, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच सांगितलं नाही. विशाखाला वाटतं की तुला सगळं ठाऊक होतं आणि तू आला नाहीस. म्हणून तिचा फोन तुला येत नाही. तिच्यावर रागावू नकोस. तिचा राग माझ्या वाटचा आहे, तो तुझ्या पत्त्यावर चाललाय.

आई रोज विचारायची, प्रदीपला कळवलं का? मी हो म्हणायचो. येतोय का? सुट्टी मिळत नाही म्हणे त्याला. एकदा म्हणाली, माझा फोन द्या, मीच बोलते त्याच्याशी. मी म्हणलो, दुरुस्तीला टाकलाय. फोन माझ्या खिशात होता. आणि तेवढ्यात तो खिशातच वाजला. रविवार होता, तूच होतास. माझा आहे म्हणालो आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. वाजायचा थांबल्यावर आत आलो.

सर्व्हेची गोष्ट मी तुला कायम अर्धीच सांगत आलो. उरलेली अर्धी अशी आहे. आपण सर्व्हेची वाट बघायला लागलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी गावाकडून निरोप आला, तुझी आजी गेली. आईची आई. तुझ्या आईनं, रंभानं, लुगडं बदललं, पिशवी भरली, तुला शर्ट घातला. मी पाळीवर निघालो होतो. ती गेली असती तर दाराला कुलूप लागलं असतं. मी म्हणलो, गेलेलं माणूस परत येत नाही, घर गेलं तर तेही येणार नाही. तिनं पिशवी रिकामी केली. मग दोन दिवस उंबऱ्यात बसून राहिली, तांदूळ निवडत. निवडलेलेच पुन्हा निवडत होती. वहीवाले आले तेव्हा आपली सगळ्यांची नावं तिनंच सांगितली. मी दोन पाळ्या बुडवून घरी बसलो असतो तर ती जाऊन आली असती. ते मला तेव्हा सुचलं नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगतोय. सुचलं होतं.

त्यावर ती कधी एक शब्द बोलली नाही. भांडणातसुद्धा नाही. आणि भांडायला ती कमी नव्हती, तुला माहीत आहे.

जायच्या आधीच्या शुक्रवारी तिनं पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा तेच सांगितलं, त्याला सुट्टी नाही. ती भिंतीकडं तोंड करून होती. म्हणाली, "असू द्या. तिकडं सर्व्हे असेल."

टोमणा होता की समजूत होती, मला कळलं नाही. सदतीस वर्षांचा संसार केला, आणि मला कळलं नाही. तोंड माझ्याकडं असतं तर कळलं असतं. मी पलीकडच्या बाजूला जाऊन बघू शकत होतो. गेलो नाही. आता भांडी घासतानाही तेच वाक्य ऐकू येतं, कधी एका सुरात, कधी दुसऱ्या.

शालिग्राम आला होता. त्याला कोणी सांगितलं कोण जाणे, दोन बस बदलून आला. 'सोमाभाऊ, पोऱ्या उना नही?' म्हणाला. पोरगा आला नाही का, म्हणून. मी मान हलवली. त्यानं चपला काढल्या आणि पुढं तुझ्या जागी खांदा धरला. ज्याच्या नावानं मी तुला घाबरवत आलो, त्यानंच तुझी जागा भरली. पाचव्या दिवशी जलदान विधी केला. बौद्धाचार्यांनी त्रिशरण पंचशील दिलं, विचारलं, मुलगा कुठं आहे? चार माणसं एकदम म्हणाली, परदेशात आहे, सुट्टी मिळाली नाही. माझं खोटं इतकं पाठ झालंय लोकांना की मला बोलावंही लागलं नाही.

तिला उचलायच्या वेळी, दुपारी एकला, तुझा रविवारचा फोन आला. मी तो कट केला आणि गुलाबाचं चित्र पाठवलं. खाली शुभ रविवार लिहिलेलं असतं ते. तिच्या फोनमध्ये तसली शंभर चित्रं आहेत, ती एकीकडून घ्यायची आणि तुला पाठवायची. अकरा ऑक्टोबरपासून तुला सात रविवार फुलं आली. सगळी मी पाठवली. पहिल्या तीन वेळी ती होती. पुढच्या चार वेळी नव्हती. तू दर वेळी लाल बदाम पाठवलास. परवा तू लिहिलंस, आई, माइक कर ना नीट, तुझा आवाज ऐकायचाय. ते मी विशाखाला दाखवलं नाही. तिला खरं सांगितलं तर ती त्याच मिनिटाला तुला फोन लावील, आणि तुला हे माझ्याकडून कळायला पाहिजे, असं मी म्हणतो. खरं सांगायचं तर मी तिलाही भितो.

काल ४१७ ची फळी काढून फेकावी म्हणून डबे खाली उतरवले. एका डब्यात कुरडया निघाल्या. उन्हाळ्यात केलेल्या, चिठ्ठी न लावताच कळतं कुणासाठी ठेवल्यात ते. आपल्यात दुसरं कोणी कुरडया खात नाही. मग डबे पुन्हा वर चढवले.

आता तुला काय सांगू? ये म्हणू, तर कोणाकडं ये म्हणू? जिच्याकडं यायचास ती नाही. पाच वर्षं पुरी कर म्हणू, तर कशासाठी? तिथं वही घेऊन कोणी येणार नाही. त्या देशाला आणखी वीस वर्षं लागोत की दोन लागोत, आपलं नाव त्या यादीत कधी नव्हतंच. मी एकट्यानं ती यादी मनात केली आणि तुम्हा दोघांना तिच्यापायी बसवून ठेवलं, तिला दोनदा. मला माफ कर असं लिहिणार होतो. पण तू ज्याची माफी करशील ते काही परत येणार नाही, मग मागून तरी काय. तुला जे वाटेल ते कर. हेही मी जूनमध्ये म्हणायला हवं होतं.

एक राहिलं. हे पत्र पोचायला तीन आठवडे लागतील. मध्ये तीन रविवार येतात. फोनवरच सांगावं म्हणून आज आईच्या फोनवरून दोनदा तुझा नंबर काढला. पण तिचं नाव बघून तू पहिला शब्द 'आई' म्हणशील. दुसरा म्हणशील, कधी? मग मला तारीख सांगावी लागेल, आणि तू तिकडं गप्प बसून गुलाब मोजशील. ते माझ्यानं ऐकवणार नाही. एवढंच माझं धाडस आहे, प्रदीप. म्हणून त्या तीन रविवारीही तुला गुलाब येईल आणि तू बदाम पाठवशील. हे वाचशील तेव्हा तेही तीन माझेच होते असं समज.

त्यानंतर येणार नाही. फोन मी चार्ज करून ठेवतो, वाजला तर उचलीन. खात्यात जाणं सोडलंय. दाराला कुलूप लावत नाही. दिवसभर उंबऱ्यातच बसलेला असतो, तू येणार नाहीस हे ठाऊक असून.

तुझा बाबा असं लिहायला हात होत नाही.

घरी हजर,
सोमा